अडीच वर्षांची मुलगी घरी येतेय: पहिले काही आठवडे कसे काढायचे

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते. नाशिकला फ्लॅटमध्ये राहता, सासू-सासरे सोबत आहेत, विदर्भातल्या एका शिशुगृहातून अडीच वर्षांची मुलगी दत्तक घेऊन पुढच्या आठवड्यात घरी आणताय. दोनदा भेटून आलात, दोन्ही वेळा ती अजिबात रडली नाही, उलट लगेच कडेवर आली, म्हणून सगळे खूश आहेत. आणि तुम्हाला विचारायचंय की पहिल्या रविवारीच बारसं करावं का (दीडशे लोक!), नाव लगेच बदलायचं का, रजा कोणी घ्यायची, आणि तिला आपलं घर पटकन आवडावं म्हणून काय काय करायचं.

दत्तक समुपदेशनात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर आत्ताच देऊन मोकळी होते: रविवारी नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. का ते खाली येईलच.

शेवटचा प्रश्न मात्र मला जरा वेगळा करून घ्यावा लागेल. घर तिला आवडावं, ती खूश राहावी हे मनात येणं साहजिक आहे, पण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तिला खूश करायच्या भानगडीतच पडू नका. तिला फक्त अंदाज यायला लागू दे. सकाळी डोळे उघडले की कोण दिसतं, दूध कोण आणतं, शू झाली की चड्डी कोण बदलतं, रात्री जाग आली तर शेजारी कोण असतं. रोज तीच दोन माणसं, त्याच वेळा, त्याच क्रमाने, कंटाळा येईल इतकं सारखं. खेळण्यांचा ढीग, भिंतीवरची कार्टूनं, फुगे, केक हे सगळं तिच्यासाठी नुसता गोंधळ असतो. एक बाहुली, एक बॉल, दोन डबे आणि एक चमचा, एवढं खूप झालं.

आता तिच्या बाजूने बघा. ती काही रिकाम्या जागेतून येत नाहीये. तिला तिथल्या मावश्या माहितीयेत, कोणती मावशी रागावते आणि कोणती गुपचूप बिस्किट देते हेही माहितीये, शेजारच्या कॉटवरचं पोर रात्री कसं रडतं ते माहितीये, हॉलमधला तो कधीच बंद न होणारा दिवा माहितीये. आणि एका सकाळी तिला नवीन फ्रॉक घालतात, हार घालतात, फोटो काढतात, गाडीत बसवतात आणि संध्याकाळपर्यंत यातलं एकही माणूस, एकही वास, एकही आवाज उरलेला नसतो. आपल्या लेखी ती घरी आली. तिच्या लेखी सगळी माणसं गेली, आणि का गेली हे सांगणारंही कोणी नाही.

म्हणून ती रडली नाही याने फार हुरळून जाऊ नका. जेम्स रॉबर्टसन नावाचे एक समाजसेवक होते, लंडनमध्ये जॉन बोल्बी या मानसोपचारतज्ज्ञांसोबत काम करायचे, त्यांनी १९४० आणि ५० च्या दशकात हॉस्पिटलात आईपासून लांब राहिलेल्या लहान मुलांचं बारकाईने निरीक्षण केलं. मूल आधी आकांत करतं, मग मलूल होऊन पडतं, आणि मग एक दिवस खेळायला लागतं, कोणाकडेही जातं, आई भेटायला आली तरी फारसं बघत नाही. नर्सेस या तिसऱ्या अवस्थेला म्हणायच्या की मूल आता रुळलं. रॉबर्टसनचं म्हणणं होतं की ते रुळलेलं नाही, त्याने वाट बघणं सोडलंय. आपल्याकडे नवी सून पहिल्या आठवड्यात सगळ्याला हसून हो म्हणते, भूक लागली तरी नको म्हणते, आणि सासरचे म्हणतात किती छान रमली, त्यातलाच प्रकार. तुमची मुलगी पहिले आठ-दहा दिवस अगदी शहाण्यासारखी वागली, दिलं ते खाल्लं, झोपवलं तिथे झोपली, तर समजा की ती अजून पाहुणी आहे. साधारण दोन-तीन आठवड्यांनी ती हट्ट करायला लागते, वस्तू फेकते, चावते, कडेवरून उतरतच नाही, आणि आई-बाबा घाबरून मला फोन करतात की ताई, इतकी चांगली होती, काय बिघडलं. बिघडलेलं काही नसतं. चिडलो तरी ही माणसं जात नाहीत असं तिला पहिल्यांदा वाटायला लागलेलं असतं.

याच्याशीच जोडलेली दुसरी गोष्ट, लगेच कडेवर येणं. शिशुगृहात ड्यूट्या बदलतात, पाहुणे येतात, वाढदिवस करायला लोक येतात, त्यामुळे ही मुलं कोणाचेही हात धरतात. नातेवाईक म्हणणार, अगं किती गोड, अजिबात लाजत नाही. पण अडीच वर्षांच्या मुलाने अनोळखी माणसाकडे बघून आईच्या मागे लपायला पाहिजे, तेच त्या वयाला शोभतं. ही लपत नाही कारण हिच्याकडे लपायला अजून कोणी नाही. ती जागा तुम्हाला बनवायचीये. त्यामुळे पहिले सहा-आठ आठवडे भरवणं, अंघोळ, शी-शू, कपडे, झोपवणं आणि लागल्या-पडल्यावर उचलून घेणं हे फक्त तुम्ही दोघांनीच करायचं. बाकी कोणीही नाही. तिने काकूंकडे हात केले तर काकूंनी हसून म्हणायचं, आई कुठंय, चल आईकडे, आणि तुमच्याकडे आणून सोडायचं.

इथे येतो सासूबाईंचा प्रश्न, आणि खरं सांगते, पहिल्या महिन्यातली निम्मी भांडणं मुलामुळे नाही, यामुळे होतात. आजीने इतकी वर्षं वाट बघितलीय आणि तुम्ही म्हणता भरवू नका! तुम्ही स्वतः सांगायला जाऊच नका. मूल न्यायला जाल तेव्हा शक्य असेल तर आजी-आजोबांना सोबत घेऊन जा आणि तिथल्या सोशल वर्करलाच त्यांना समजावून सांगू द्या, नाहीतर फोनवर बोलणं करून द्या. "संस्थेने सांगितलंय" हे वाक्य बिनधास्त वापरा, आम्ही त्यासाठीच आहोत, सगळा दोष आमच्यावर ढकला. आणि आजीला काम द्या, नुसतं लांब बसवू नका. स्वयंपाक आजीचा, भरवणं आईचं. गोष्ट आजीची, पण मूल बाबाच्या मांडीवर. आजोबांनी रोज एकाच वेळी देवाची घंटा वाजवायची आणि तिला वाजवू द्यायची, अशा छोट्या ठरलेल्या गोष्टीतून आजी-आजोबा तिच्या दिवसात आपोआप येतात. एकटी आई असेल तर हिशोब थोडा वेगळा, तिथे आजी किंवा मावशी पहिल्या दिवसापासून दुसरे हात असतात, पण मग तेच कायम, आज ही उद्या ती असं नाही.

न्यायला जाल त्या दिवसाची तयारी. कागदपत्रांची फाईल सगळे नीट लावतात, पण मावशीशी बोलायला कोणी वेळ ठेवत नाही. अर्धा तास मागून घ्या, तिला रोज सांभाळणाऱ्या मावशीसोबत, ऑफिसातल्या बाईंसोबत नाही. विचारा, झोपते कशी, पालथी की कुशीवर, थोपटावं लागतं का, अंगठा चोखते का, दूध ग्लासात की बाटलीत, गोड किती, भात कसा लागतो, कशाला घाबरते, कोणत्या मुलासोबत जास्त असते, शू आली तर काय शब्द वापरते. शेवटचं फार महत्त्वाचं आहे, तिकडच्या मावश्या बऱ्याचदा मुलांशी अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलतात, आणि तुम्ही घरी वेगळाच शब्द वापरलात तर ती बिचारी चड्डीत करून मोकळी होते आणि घरचे म्हणतात सवयच नाही लावलेली. मूल दुसऱ्या राज्यातून येणार असेल तर पाणी, दूध, भूक, दुखतंय, झोप, शू, इकडे ये, घाबरू नको एवढे शब्द तिथल्या मावशीच्या आवाजात मोबाईलवर रेकॉर्ड करून आणा आणि पाठ करा.

आणि तिचं एखादं वापरातलं दुपटं, चादर, जुना फ्रॉक मागून घ्या. बहुतेक ठिकाणी देतात, फार तर म्हणतील की जुनं कशाला, तरी घ्या. आणि घरी आल्यावर धुवू नका! आईंचा हात लगेच साबणाकडे जातो हे मला माहितीये. तो वास हीच तिची त्या दिवशीची एकमेव ओळखीची वस्तू असते, उशाशी ठेवा, पंधरा-वीस दिवसांनी वाटलं तर धुवा. मावश्यांचे, हॉलचे, तिच्या कॉटचे फोटो संस्थेच्या परवानगीने काढून घ्या, बाकीच्या मुलांचे चेहरे येऊ न देता. हे फोटो नंतर सोन्याच्या भावाचे होतात.

प्रवास लांबचा आहे तुमचा, नागपूर-अमरावतीकडून नाशिक म्हणजे दिवस जाणार. यातली बरीच मुलं दवाखान्याखेरीज कधी गाडीत बसलेली नसतात, उलटी होणार असं धरूनच चाला, दोन टॉवेल, तीन जोडी कपडे, कोरडं बिस्किट, पाणी. शक्य असेल तर मधे एक मुक्काम करा, आणि आई-बाबांपैकी कोणीच गाडी चालवायची नाही, दोघंही मागे तिच्यासोबत. आणि दारात ओवाळायला वीस बायका नकोत. आजीने तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, झालं. फटाके, ढोल अजिबात नाही, हे लिहावं लागतंय कारण मी बघितलंय.

घरात तिला कशाची भीती वाटेल हे आधी सांगून कळत नाही. कुकरची शिट्टी, मिक्सर, फ्लश, लिफ्टचं दार, डोअरबेल, शेजारचा कुत्रा. काही मुलांना जिना चढता येत नाही कारण तिथे जिनाच नव्हता. काहींना बाथरूमचं दार बंद केलं की धडकी भरते, कारण अंघोळ कायम चार-पाच जणांची एकत्र, बादली-मग घेऊन, आणि इथे शॉवरखाली एकटी. तर दार उघडं, बादली, कोमट पाणी, आणि पहिले दोन-तीन दिवस नुसतं अंग पुसलं तरी काही बिघडत नाही. पुरुषांचीही भीती असू शकते, शिशुगृहात बहुतेक सगळ्या बायकाच असतात, त्यामुळे जाड आवाज, दाढी, मिशी हे नवीन. तुमचे मिस्टर नाराज होतील की माझ्याकडे येतच नाही. त्यांनी जमिनीवर बसायचं, तिच्याकडे टक लावून न बघता, आणि आवडीचं खाणं त्यांच्या हातून जाईल असं बघायचं, आठ-दहा दिवसांत फरक दिसायला लागतो. उलटंही होतं, बाबाला चिकटते आणि आईला ढकलते, कारण बाई म्हणजे मावशी आणि मावशीची ड्यूटी संपते हा तिचा अनुभव. ते फार लागतं आईला. मनाला लावून घेऊ नका, पण काम बाबावर सोडूनही देऊ नका, अंघोळ आणि रात्रीचं थोपटणं तुमच्याकडेच ठेवा.

खाण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण प्रेम दाखवायचं म्हणून आपल्याकडे सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. पहिले पंधरा दिवस तिथला मेनू, तिथल्या वेळा. मऊ भात, वरण, खिचडी, दूध-बिस्किट, जे असेल ते, कितीही बेचव वाटलं तरी. पावडरचं दूध पीत असेल तर तीच पावडर, बदलायचं तर हळूहळू मिसळत. बदाम, तूप, ड्रायफ्रूटचे लाडू एकदम सुरू केले की पोट बिघडतं आणि मग घरात चर्चा की तब्येत नाजूक दिसते. दुसरं, ही मुलं प्रचंड खाऊ शकतात. चार पोळ्या खाऊनही वाटी पुढे करतात, घास गालात धरून ठेवतात, बिस्किट उशीखाली लपवतात. हावरट म्हणू नका, हसू नका, हिसकावून तर अजिबात घेऊ नका. जेवणं एका ठरावीक वेळेला, मिळेल तेवढ्यात पटापट संपवायचं, शेजारच्याने उचलायच्या आत, ही तिची सवय आहे. तिच्या हाताला येईल अशा ठिकाणी एक डबा ठेवा, त्यात कुरमुरे, राजगिऱ्याची वडी, केळं असं काहीतरी, आणि तो कधी रिकामा होऊ देऊ नका. दिवसातून पन्नास वेळा उघडून बघेल, खाणार नाही, नुसतं बघेल आहे का. काही आठवड्यांत तिचं बघणं आपोआप कमी होतं. जेवताना जास्त मागितलं तर थोडं थोडं, पण नाही म्हणायचं नाही, "अजून आहे, संध्याकाळी पण आहे" असं बोलत वाढायचं. आणि उलट, पहिले दोन दिवस जवळपास काहीच खाल्लं नाही तर पाणी, दूध, पेज जातेय ना आणि शू होतेय ना एवढं बघा. शू कमी झाली, मलूल पडली, ताप आला तर मात्र वाट बघू नका, सरळ डॉक्टर.

झोप. वेगळी खोली, वेगळा पलंग, गुलाबी भिंती हे सगळं राहू द्या बाजूला. गादी जमिनीवर घाला, तुम्ही दोघं दोन्ही बाजूला, दिवा चालू. फ्लॅटमधली रात्रीची शांतता हीच मुळात तिला नवीन आहे, दहा-पंधरा मुलांच्या श्वासात झोपलेली ती, पंखा घरघरता असेल तर बरंच. बरीच मुलं झोपायच्या आधी डुलतात, पुढे-मागे, कधी डोकं उशीवर आपटतात, स्वतःला थोपटायची ती त्यांची पद्धत आहे कारण थोपटणारे हात कमी होते. ओरडून थांबवू नका, भिंतीला लागत असेल तर मधे उशी ठेवा, आणि तुमचा हात तिच्या पाठीवर त्याच लयीत फिरवत राहा, घेतला तर घेतला, झिडकारला तर शेजारी नुसता ठेवा. रात्री जाग आली आणि ती न रडता टक्क डोळे उघडे ठेवून पडली असेल तर तुम्ही स्वतःहून जवळ घ्या, ती बोलावेल याची वाट बघू नका. रडलं तरी लगेच कोणी येत नाही हे ती कधीच शिकलीय. ज्या रात्री ती मोठ्याने रडून तुम्हाला उठवेल ना, झोपेचं खोबरं झालं तरी मला मेसेज टाका, मी पेढे मागेन.

लहान मुलांच्या डॉक्टरांकडे पहिल्या आठवड्यात एकदा जायचं, पण नुसतं ओळख, वजन-उंची आणि फाईल दाखवायला, तब्येत ठीक असेल तर त्याच दिवशी सुया नकोत. संस्थेकडून आलेला मेडिकल रिपोर्ट आणि लसीकरणाचं कार्ड पूर्ण घेऊन जा. सोळा ते चोवीस महिन्यांतले बूस्टर झालेत का, अ जीवनसत्त्वाचे डोस, जंताचं औषध कधी दिलं, हिमोग्लोबिन किती, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी च्या तपासण्या कोणत्या तारखेच्या आहेत आणि परत करायला हव्यात का हे विचारा. मुलगी विदर्भातली आहे म्हणून आवर्जून सांगते, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झालीये का बघा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट, तिकडे नंदुरबार या पट्ट्यात तो आजार जास्त आढळतो, नसेल झाली तर करून घ्या, वाहक असेल तरी घाबरायचं काही नाही, फक्त माहिती असलेली बरी. खरूज, उवा, कान वाहणं हे एकत्र राहणाऱ्या मुलांत नेहमीचं, उपचार साधे आहेत. वजन कमी असेल, बोलणं मागे असेल तर पहिल्याच महिन्यात थेरपीच्या चकरा सुरू करू नका, घर मिळाल्यावर बरीच मुलं भराभर उचलतात. तीन-चार महिन्यांनी परत बघा. ऐकू येतंय का ही तपासणी मात्र लांबवू नका, हाकेला वळत नाही असं वाटलं तर लगेच.

नाव. तिचं आत्ताचं नाव बहुधा संस्थेतच ठेवलेलं असणार, पण अडीच वर्षांची मुलगी त्या नावाला वळून बघते आणि सोबत आणलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ती एक आहे. निदान पहिले दोन-तीन महिने तेच नाव ठेवा. बदलायचंच असेल तर दोन्ही जोडून हाक मारा, नवीन नाव मागे, मग हळूहळू पुढे. माझं वैयक्तिक मत विचाराल तर जुनं नाव घरचं नाव म्हणून कायम राहू द्या, पण हा निर्णय तुमचा.

बारशाला आता परत येते. करू नका म्हणत नाहीये, दोनेक महिन्यांनी करा, पंचवीस-तीस माणसांचं, सकाळी, दोन तासांत आटपेल असं. तेव्हा ती तुमच्या कडेवरून लोकांकडे बघेल, आत्ता केलं तर लोकांच्या कडेवरून लोकांकडे बघेल. कुलदैवताचं दर्शन, मामाचं गाव, मॉल हे सगळंही तेव्हाच. भेटायला येणाऱ्यांना पहिल्या महिन्यात नाही म्हणा, अगदी जवळचे असतील तर एका वेळी दोघं, अर्धा तास, आणि गिफ्ट आजीच्या हातात द्यायचं, मुलीच्या नाही.

आणि आलेल्यांना दाराबाहेरच दोन गोष्टी सांगून ठेवा. आपल्याकडे लहान मुलाशी बोलायची पद्धतच अशी आहे की, "चल, येतेस आमच्या घरी? आम्ही नेणार हिला!" घरात जन्मलेलं मूल आईकडे पळतं आणि सगळे हसतात. ही मुलगी चपला घालेल. खरंच घालेल, मी बघितलंय, कारण तिच्या आयुष्यात हे एकदा खरं झालेलं आहे. तसंच "जेवली नाहीस तर परत सोडून येईन", "पोलीसकाका नेतील", "बागुलबुवा येईल" हे गमतीतसुद्धा नाही, आज नाही, दहावीत गेल्यावरही नाही. तुम्ही भाजी आणायला जातानासुद्धा गुपचूप सटकू नका, रडली तर रडू दे, सांगून जा, लवकर या आणि आल्यावर म्हणा, "आई गेली होती, आई आली."

शेजारच्या काकूंचं "केवढं पुण्य केलंत" आणि "नशीब काढलं हो पोरीने" यावर फार वाद घालत बसू नका, "नशीब आमचं" म्हणून विषय बदला. खरे आई-वडील कोण, कुठली, जात काय असं कोणी विचारलं तर उत्तर एकच, ती तिची खासगी गोष्ट आहे. हे आजी-आजोबांशीही आधीच बोलून ठेवा, कारण लोक तुम्हाला नाही, त्यांना विचारतात, खाली बाकावर बसून. तिच्यापुढे मात्र लपवाछपवी नको, अडीच वर्षांच्या मुलीला आठवतं. ती फोटो बघून मावशीचं नाव घेईल, रडेल, तर "हो, मावशी आठवली ना, मावशी तुला सांभाळायची, आता आई-बाबा सांभाळतात" एवढं साधं बोला. फोटो लपवून ठेवला की ती विसरत नाही, फक्त तुमच्यासमोर नाव घेणं बंद करते. मावशीला व्हिडिओ कॉल करावा का यावर आमच्यातच दोन मतं आहेत, मी पहिल्या महिन्यात नको म्हणते, स्क्रीनवर मावशी दिसते आणि हाताला लागत नाही, त्याने त्या वयात जास्त गोंधळ उडतो.

फोटो स्टेटसला टाकू नका. कागदोपत्री ती अजून दत्तकपूर्व देखभालीत, म्हणजे दत्तकाचा आदेश निघायच्या आधी, तुमच्याकडे येतेय. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचे आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी काढतात, तो आदेश हातात पडेपर्यंत थांबाच, आणि नंतरही तिची कहाणी फोटोखाली लिहू नका. आदेशानंतर जन्मदाखला तुमच्या नावाने निघतो. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी सोशल वर्कर घरी येतील, त्यांना परीक्षक समजून घर चकाचक करून ठेवू नका. ती रात्री झोपत नाही, मी तिच्यावर ओरडले, माझ्याच्याने होत नाही, हे बोलायला तीच माणसं आहेत.

रजा दोघांनी घ्या. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीत दत्तक आईची बारा आठवड्यांची रजा तीन महिन्यांखालच्या बाळासाठी लिहिली गेली होती, कायदा करताना अडीच वर्षांचं मूल कोणाच्या डोक्यात नव्हतं असंच म्हणायचं! सरकारी नोकरीचे नियम वेगळे, खासगीत कंपनीची स्वतःची पॉलिसी असू शकते, आणि कायदाही तेव्हापासून बदललाय, त्यामुळे आज काय लागू आहे ते एचआरकडून लेखी घ्या आणि मूल आणायच्या आधी घ्या. पहिले दोन आठवडे दोघंही घरात, नंतर किमान दोन-तीन महिने दोघांपैकी एक पूर्णवेळ. जमत नसेल तर अर्धा दिवस, आळीपाळीने, पण पाळणाघर आणि प्लेग्रुप इतक्यात नाही, जून येतोय म्हणून तर नाहीच. तिला मुलांची सवय भरपूर आहे, सवय आई-बाबांची नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण बहुतेक आया तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हळूच विचारतात. मला तिच्याबद्दल काहीच वाटत नाहीये, दुसऱ्याचं मूल सांभाळतेय असं वाटतंय, मी वाईट आहे का. इतकी वर्षं वाट, ट्रीटमेंट, नंतर दत्तकाच्या सरकारी पोर्टलवरचं वेटिंग, आणि मूल आल्यावर अचानक रिकामं रिकामं, रडू येतं, चिडचिड, झोप नाही. हे होतं, बाळंत झालेल्या आईलाही होतं, दत्तक आईलाही होतं आणि बाबालाही होतं, फक्त त्याला कोणी विचारत नाही. प्रेम यायची वाट बघत कामं थांबवू नका, थोपटत राहा, भरवत राहा, माया मागाहून येते, कोणाला महिना लागतो, कोणाला वर्ष. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज तसंच वाटत असेल, किंवा तिला हाताळताना स्वतःचीच भीती वाटायला लागली, तर संस्थेच्या समुपदेशकांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना त्याच दिवशी फोन करा. मूल परत घेतील या भीतीने लोक हे लपवतात, आणि लपवल्यानेच गोष्टी हाताबाहेर जातात.

निघायच्या आदल्या दिवशी सासूबाईंशी माझं बोलणं करून द्या हवं तर, बारशाचं मीच सांगते त्यांना.